पक्ष्यांचा डाटेनशुट्झ

"मॅडम, पक्षी कुठेही गेलेले नाहीत. मी रोज ऐकतोय," जोसेफ फोनवर म्हणाला. मी जर्मनीत, डार्मश्टाटच्या ऑफिसात होते. समोर स्क्रीनवर महिनाभराची शून्यं.

जोसेफ हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटावरचा वनरक्षक. तिथे शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी जमिनीतल्या बिळात वर्षाला एकच अंडं घालतात. उंदीर ते अंडं खातात, नाहीतर पिल्लू खातात. म्हणून वसाहतीभोवती सापळे. आमची कंपनी तिथल्या मायक्रोफोनमधले आवाज सॉफ्टवेअरने ओळखून पक्षी मोजते. तीन आठवडे शून्य आलं, की वसाहत ओसाड धरून सापळे दुसऱ्या किनाऱ्यावर हलवायचे, असा नियम. सापळे दहा दिवसांपूर्वीच हलले होते.

जोसेफने याआधी दोनदा तिकीट, म्हणजे आमच्या सिस्टिममध्ये तक्रार, टाकलं होतं. दोन्ही मीच बंद केली: 'एरर सापडत नाही.' जन्म त्या बेटावर काढलेल्या माणसापेक्षा मला माझा ग्राफ खरा वाटला.

या वेळी मी त्याच्या फोनवरचं रेकॉर्डिंग मागवलं. पक्षी चक्क तान्ह्या बाळासारखा रडत होता. फाइल सिस्टिममध्ये टाकली. फाइल गायब.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डाटेनशुट्झ, म्हणजे लोकांच्या खाजगी माहितीचं रक्षण. मच्छीमारांचं बोलणं मायक्रोफोनमध्ये येतं, ते साठवायचं नाही, असं आमच्या डाटेनशुट्झवाल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून महिन्यापूर्वी मी फिल्टर लिहिला: माणसाचा आवाज आला की रेकॉर्डिंग पुसून टाक. टेस्टिंगला सगळी टीम ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून बडबडली. जर्मन, इंग्लिश, मी मराठी. सगळं पुसलं गेलं. आम्ही केक खाल्ला. पक्ष्याचा आवाज लावून बघायचं एकालाही सुचलं नाही.

"फिल्टर आत्ताच्या आत्ता बंद करायला हवा," मी बॉसला, श्टेफानला सांगितलं.

"हो, पण फ्राइगाबे लागेल." म्हणजे लेखी मंजुरी. ती देणाऱ्या त्याच बाई, आणि त्या दोन आठवडे उरलाउबवर, म्हणजे सुट्टीवर.

"उंदीर उरलाउबवर नाहीत, श्टेफान."

"प्रोसेस आहे, त्याला मी काय करू?"

माझं टाळकं सरकलं. त्याचा जितका राग आला, तितकाच स्वतःचा. मी जागेवर गेले आणि बेटावरच्या वनखात्याच्या ऑफिसला कंपनीच्या पत्त्यावरून मेल केली: 'शून्य ही पक्ष्यांची संख्या नाही, आमची चूक आहे. सापळे ताबडतोब परत लावा.' खाली माझं नाव. श्टेफानला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सापळे परत लागले. मला आबमानुंग मिळालं, म्हणजे लेखी ताकीद. कारण: परस्पर पत्रव्यवहार. बंद केलेल्या दोन तिकिटांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

आठवड्याने जोसेफने बिळं तपासून फोन केला.

"टेकडीवरची पिल्लं आहेत, मॅडम. खालच्या बाजूला नाहीत."

"एकही?"

"नुसती बिळं आहेत," तो म्हणाला.

फिल्टर बंद करायची मंजुरी पुढे रीतसर आली, सुट्टीहून परतलेल्या बाईंच्या शुभेच्छांसकट. मी त्यातून एवढंच शिकले: यंत्र शून्य म्हणतंय आणि जागेवरचा माणूस तसं नाही म्हणतोय, तर आधी यंत्राची झडती घ्यावी. खालच्या बाजूच्या पिल्लांना या शहाणपणाचा काडीचा उपयोग नाही.