खंडेनवमीला कुणी तेल घातलं?

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, ते मुख्यतः हसण्यासाठी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या बंद खोलीत पैंजण वाजतात... मी चहा पितापिता वाचायची आणि आईला म्हणायची, "या लोकांना झोप पुरत नाही बघ." आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा जे हसतील त्यांना हसू दे. माझी हरकत नाही. माझ्या अनुभवात बाई नाही, पैंजण नाहीत. एक मोटरसायकल आहे आणि तिच्यातलं तेल आहे.

आम्ही हुबळीचे, देशपांडे नगरात राहतो. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ गिरीश. मी घरांचे प्लॅन काढते, तर गिरीश धारवाडजवळ बेलूरला एका कारखान्यात आहे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं दुर्गदबैलला हार्डवेअरचं दुकान होतं. अण्णा गेले आणि मागे राहिली त्यांची काळी मोटरसायकल. जुनी, किक मारून चालू होणारी, वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची.

जायच्या आधी त्यांनी मला गाडी शिकवली होती. शिकवली म्हणजे काय, महिनाभर नुसती पुसायला लावली. नव्या माणसाने आधी गाडी पुसायची, मगच चालवायची, हा त्यांचा हट्ट. पुसता पुसता कळतं म्हणे कुठे काय सैल झालंय. इंजिनाच्या बाहेर त्या पातळ पातळ पट्ट्या असतात ना - फिन्स - त्यांच्यामधला चिखल जुन्या टूथब्रशने काढायचा, कारण तिथून वारा गेला तरच इंजिन थंड राहतं. वारा बाहेरून आणि तेल आतून, एवढंच त्यांचं इंजिनशास्त्र. गाडी तापली तर सावलीत बंद करून ठेवायची, घाई करून तिच्यावर पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. किती तापलीय हे बघायला तळहात कधी लावायचा नाही, हाताची मागची बाजू जवळ न्यायची. आणि तेल बघितल्याशिवाय गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही. शेजारचे पाच मिनिटांसाठी मागायला आले तरी अण्णा आधी झाकण फिरवून तेल बघायचे. लोक वैतागायचे.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पाने, पक्कड, हातोडी सगळं पाटावर मांडून कुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. गाडीला मात्र हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून एक फेरी मारून आणायची. अण्णांची आणखी एक पद्धत होती. आदल्या संध्याकाळी गाडीतलं जुनं तेल काढायचं आणि नवमीला पहाटे, पूजा मांडायच्या आधी, नवं तेल स्वतःच्या हाताने घालायचं. ते झालं की आई पाट मांडायची. मग दोघं त्याच गाडीवरून धारवाडला जायची, देवीची ओटी भरून मावशीकडे जेवायला.

अण्णा गेल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला आई कुठेच गेली नाही. मी गाडीवर सोडते म्हटलं तर मान फिरवली. त्या गाडीच्या मागच्या सीटवर ती पुन्हा बसेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गिरीशने ठरवलं, अण्णांसारखंच सगळं करायचं. आदल्या संध्याकाळी त्याने तेल काढलं, घमेल्यात निथळू दिलं, खालचा बोल्ट आवळला. नव्या तेलाचा डबा आणि नरसाळं बाजूला ठेवलं आणि झोपला. सकाळी कारखान्यातल्या पूजेला लवकर बोलावलेलं, आणि उठला उशिरा. तोवर आईने पाट मांडून झालेला. पाने, पक्कड, नरसाळं आणि तेलाचा सीलबंद डबा, सगळ्याला कुंकू! आता ते उचला म्हणून आईला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. उद्या घालू, असं मनाशी म्हणाला. गाडी हातानेच ढकलून लिंबांवरून नेली आणि बस पकडली. बसमधून मला मेसेज केला - तेल घातलेलं नाही, गाडी चालू करू नको.

तो मेसेज मी वाचला नाही. माझा फोन पूजेत होता. माझी हत्यारं म्हणजे लॅपटॉप आणि फोन, दोन्ही बंद करून, कुंकू लावून, त्याच पक्कडीच्या शेजारी ठेवलेले.

म्हणजे गाडी हार घालून अंगणात उभी आणि आत तेलाचा थेंब नाही. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. बिनतेलाचं इंजिन थोडं चालतं, मग तापतं आणि एकदम जाम होतं. गाडी धावताना जाम झालं तर मागचं चाक जागच्या जागी धरतं, आणि बसलेली माणसं रस्त्यावर. मागून ट्रक येत असेल तर पुढचं बोलायलाच नको.

आणि नेमकी त्याच दिवशी आई नऊवारी चापूनचोपून नेसून, ओटीची पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चल की. बसते मी."

मी टायर बघितले, ब्रेक बघितला, साखळी बघितली. घमेल्यात जुनं तेल दिसलं, म्हणजे गिरीशचं काम झालंय असं धरून चालले. किक मारली. आई मागे बसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसाच ती अण्णांच्या खांद्यावर ठेवायची.

सणाची गर्दी होती. थांबत, सरकत उणकलच्या तळ्यापर्यंत आलो आणि इंजिनातून टक टक आवाज सुरू झाला. पायाला धग लागायला लागली. जळका वास आला. मी गाडी बाजूला घेतली, झाडाच्या सावलीत बंद केली. हाताची मागची बाजू जवळ नेली तर नेववेना. मग हाराकडे लक्ष गेलं. हौसेने मी झेंडूचा भलामोठा हार हेडलाइटपासून खाली सोडला होता, तो थेट इंजिनावर लोंबत होता. वारा अडला, म्हणून तापली! इंजिनाला टेकलेली फुलं शिजून काळी पडली होती. मी हार काढला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

तरी अण्णांची सवय अंगात होती. थोडं निवल्यावर तेल बघू म्हणून मी झाकणाला हात घातला. झाकण हलेना. गिरीश ते नेहमी पक्कडीने आवळतो, त्यावरून आमची कायम भांडणं. अण्णा दोन बोटांनी बसवायचे, त्याच्यापुढे जोर लावायचा नाही म्हणायचे. मी रुमाल गुंडाळून फिरवून बघितलं, बोटं लाल झाली, पण ते जागचं हललं नाही. पक्कड तर घरी, पाटावर. सोडून दिलं.

चार पावलांवर एका अव्वाची, म्हणजे म्हाताऱ्या बाईची, ताकाची गाडी होती. "कुंद्री अक्का," म्हणत तिने आईला स्टूल दिलं. आम्ही ताक प्यायलो. आई डोळे मिटून बसली होती, मला वाटलं उन्हाने थकली. मोटरसायकल समोर दिसत होती. मी तिच्याकडे सारखी बघत होते असं नाही, पण पाठही फिरवली नव्हती.

परत जाऊन किक मारली... आणि काय सांगू. टक टक नाही, खरखर नाही. अण्णा सर्व्हिसिंग करून आणायचे तेव्हा जसा आवाज असायचा, तसा. नवनगर, रायापूर, सत्तूर, नवलूरचा पूल, सगळं मागे पडलं. माझ्या पायांना धग म्हणून लागली नाही. ओटी भरली, मावशीकडे जेवलो, गप्पा मारल्या आणि ऊन उतरल्यावर तेवढंच अंतर तोडून घरी आलो.

गिरीश फाटकात उभा होता. चेहरा पांढराफटक. "अक्का, तू कशावरून गेलीस?" एवढंच विचारलं त्याने, आणि मी हाताने गाडी दाखवली तर तो तिथेच पायरीवर बसला.

मग त्याने सगळं सांगितलं. मला पटेना. मी गाडीशी गेले, झाकणाला हात घातला. दोन बोटांनी फिरलं.

आत तेल होतं. खुणेपर्यंत, मधासारखं स्वच्छ, नवं. जुनं काळं तेल घमेल्यात जसंच्या तसं. आणि पाटावर नव्या तेलाचा डबा, सील न तुटलेलं, वर कुंकू.

आम्ही डोकं खाजवायचं बाकी ठेवलं नाही. झाकण गरम-गार होऊन सैल झालं असेल, मान्य. पण तेल? शेजारीपाजारी विचारलं. मावशीला विचारलं, ती म्हणाली, गाडी अंगणात होती, कुणी फिरकलं नाही. ताकवाल्या अव्वाकडेही जाऊन आले. मला वाटत होतं ती सांगेल, एक म्हातारे गृहस्थ गाडीशी वाकले होते वगैरे... तसलं काही नाही. कुणी आलं असतं तर दिसलं असतं की, म्हणाली, आणि दुसरा ग्लास भरायला लागली.

दसरा झाल्यावर दुर्गदबैलजवळच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून इंजिन उघडून घेतलं. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. आतल्या भिंतीवर बारीक ओरखडे होते. बोट फिरवत तो म्हणाला, "हे थोडं कोरडं चाललंय. अजून दोन-तीन किलोमीटर गेलं असतं तर जाम झालं असतं. नशीब, वेळेवर तेल घातलंत."

त्यानंतर मी कितीतरी वेळा उणकलवरून गेलेय. तिथून पुढचा रस्ता मोकळा होतो, गाड्या सुसाट जातात. तिथे ते चाक धरलं असतं तर मागे माझी आई होती. हे आठवलं की आजही मला गाडी बाजूला घ्यावी लागते.

त्या नवमीच्या संध्याकाळी आम्ही दोघं भाऊबहीण तावातावाने बोलत होतो, तेव्हा आई शांतपणे देवाजवळ दिवा लावत होती. मी तिला विचारलं, ताक पिताना डोळे मिटून काय करत होतीस?

"काय करणार? त्यांना म्हटलं, पोरगी एकटी पडलीय, बघा जरा."

मग तिने पाटावरचा तो सीलबंद डबा उचलला - दसरा उजाडायच्या आधी, तिनेच - आणि अण्णांच्या फोटोखाली ठेवला. गिरीश म्हणाला, अगं, तो गाडीसाठी आणलाय. तर म्हणाली, "त्यांनी त्यांच्याकडचं घातलं ना? मग हे त्यांना परत द्यायला नको काय?"

आता नवमीला पहाटे मी तेल घालते, झाकण दोन बोटांनी बसवते, मग आई पाट मांडते आणि आम्ही दोघी धारवाडला जातो. तेल दरवर्षी नवं आणतो. तो डबा अजून फोटोखालीच आहे, न उघडलेला. गिरीशचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण त्या डब्यावरची धूळ तोच पुसतो, कुंकवाला धक्का न लावता.