उरलेल्या राशीतले पत्ते

महादू कुबलाने त्या सकाळी दुकानात बसून एका रिकाम्या पत्त्याला हाक मारली, आणि पत्त्याने ओ दिली.

हाक मारली म्हणजे तोंडाने नव्हे. इंटरनेटवर असलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. आपल्या संगणकावरून त्या पत्त्यावर छोटासा निरोप धाडायचा. पलीकडे कोणी असेल तर तो परत येतो, नसेल तर गप्प. महादूने हाक मारलेला पत्ता कोणाला दिलेलाच नव्हता. तो राखून ठेवलेला होता. बंद घराची कडी गंमत म्हणून वाजवावी आणि आतून कोणीतरी खाकरावं, तसं त्याला झालं. त्याने शेजारच्या राखीव पत्त्याला हाक मारली. तिथूनही ओ आली.

चहा तसाच राहिला. चोर कोण, हा प्रश्न मनात नीट उमटण्याआधीच उत्तर उमटलं होतं: देवबागचा बाबू तांडेल.

हे दोन हजार सहा सालचं. महादूचं दुकान मालवणच्या एस.टी. स्टँडाच्या मागच्या गल्लीत होतं. तिथे आधी टीव्ही दुरुस्त होत, मग केबलची जोडणी मिळू लागली आणि पुढे इंटरनेटचीही. त्याचे वडील दाजी रापणीच्या मासेमारीतले मानकरी. पोरानेही दर्यावर जावं असं त्यांना फार वाटे, पण होडीत पाय टाकला की महादूच्या पोटात ढवळायचं. दर्यावर वाढलेल्या घरातल्या पोराला होडी लागते, ही चेष्टा वाडीला कैक वर्षं पुरली. शेवटी दाजींनीच त्याला विजेचं काम शिकायला घातलं. "तारेक लाटो नसतत," एवढंच ते म्हणाले.

तारेला लाटा नसतात हे खरं, पण माणसं असतात. कुडाळच्या कंपनीकडून स्वतंत्र लाइन घ्यायची ऐपत एकट्यादुकट्या केबलवाल्याची नव्हती. म्हणून चौघांनी मिळून एक घेतली. मालवणात महादू, देवबागला बाबू, ज्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची लॉज उगवू लागली होती, आचऱ्याला सुगंधा आचरेकर, जिचा नवरा जहाजावर असे आणि जी सायबर कॅफे आणि केबल दोन्ही एकटीने ओढी, आणि आत कट्ट्याला नाना सावंत, भात-काजूचे शेतकरी, ज्यांनी केबलचा धंदा मुलासाठी घेतला आणि मुलगा गोव्याला गेल्यावर स्वतःच शिकून घेतला. लाइनीबरोबर कंपनीने पत्त्यांचा एक छोटा गठ्ठाही दिला. साध्या गिऱ्हाइकांना एका पत्त्याआड पुष्कळांना बसवता येतं. पण लॉज, बँक, काजूचा निर्यातदार यांना स्वतःचा, पुरा पत्ता लागतो. तेव्हा हे पत्ते चौघांत वाटायला कोणीतरी हवा होता.

बाबूनेच महादूचं नाव घेतलं, दाजींचा मुलगा म्हणून. "दाजींचो झील आसा. वाटे घालूक तोच बरो," तो म्हणाला, आणि सुगंधाने मान डोलावली.

रापणीचे वाटे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना हे कळायचं नाही. मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मासळी वाळूवर आली की एकजण ती वाट्यांत मांडतो. त्या वाडीत ते काम दाजींचं. सगळे कोंडाळं करून त्यांच्या हातांकडे बघत उभे राहत, आणि त्या बघण्यात लाजायचं काही नसे. वाटे मांडून झाले की दाजी खांद्यावरचा पंचा सगळ्यांसमोर झटकून दाखवीत: यात काही नाही. मग एकेकाने आपला वाटा उचलायचा, आणि मांडणाऱ्याने सर्वांत शेवटी.

महादूने पत्ते वाटले ते दुकानात, एकट्याने, संगणकासमोर. प्रत्येकाला फोन करून त्याचे आकडे सांगितले. काही पत्ते पुढच्या गरजेला शिल्लक ठेवले आणि तेही प्रामाणिकपणे सगळ्यांना सांगितलं. वर्षभर सुरळीत चाललं.

मग दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. बाबूच्या एका लॉजची लाइन यायची आणि जायची. सुगंधाच्या निर्यातदाराचीही तशीच. महादू दोघांना दिलेले पत्ते तपासायचा, तर सगळे ठणठणीत. गिऱ्हाइकं खोटं बोलतात की केबलवाले, असा संशय त्याला येऊ लागला. सुगंधाचा संशय निराळा होता. तिच्या पडद्यावर चौकट उमटली होती, की हा आकडा दुसरं कोणीतरी वापरत आहे. म्हणजे महादूने तिच्या पाटीतला मासा काढून देवबागच्या पाटीत टाकला, असं तिने धरलं आणि त्याचे फोन उचलणं कमी केलं. बाबूला वाटे की महादू मुद्दाम लाइन तोडतो, लॉजवाला कंटाळून आपल्याकडे यावा म्हणून.

नाना तर सरळ दुकानात आले. ते कधी रिकाम्या हाताने येत नसत. काजूगर, कोकमं, नाहीतर निदान केळीचा फणा असे. त्या दिवशी हातात फक्त छत्री होती, आणि ऊन कडक होतं. ते बाकावर बसले, संगणकाच्या पाठमोऱ्या डब्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, की त्यांना आणखी पत्ते हवे होते तेव्हा महादूने थांबा म्हटलं. मग राखून ठेवलेले पत्ते नक्की कोणासाठी राखलेत? महादूने समजावलं. नानांनी ऐकून घेतलं आणि चहा न घेता गेले.

काशीबाई, महादूची आई, अजून मासळी बाजारात बसायची. बाजाराच्या कानातून काही सुटत नाही. तिने संध्याकाळी पाटी उतरवता उतरवता विचारलं, "तू पत्ते लपवन ठेवतंस असा लोक म्हणतत. खरा?"

"आये, तुका पत्ते म्हणजे काय ता तरी ठाव आसा?"

"नाय. लपवणा म्हणजे काय ता ठाव आसा."

आणि त्यात कुडाळचे नेरूरकर. कंपनीचे अभियंते, बोलणं मऊ, पण मुद्द्याला धार. त्यांनी फोनवर सांगितलं, "कुबल, तुमची आपसातली भांडणं आमच्यापर्यंत येतात, हे बरं नाही. मे महिन्याच्या हंगामाआधी मिटवा. नाहीतर पत्ते परत घेतो आणि ज्याला हवेत त्याला इथूनच, एकेकट्याला देतो."

एकेकट्याला देणं म्हणजे काय हे महादूला पक्कं कळत होतं. देवबागची लॉज बघून कंपनी बाबूला जवळ करील, कट्ट्याकडे ढुंकून बघणार नाही. सामायिक लाइन तुटेल. आणि ती तुटली ती दाजींच्या झिलाने वाटे वाकडे घातले म्हणून, हे किनारा विसरणार नाही.

म्हणूनच त्या सकाळी त्याने राखीव पत्त्यांना हाका मारल्या होत्या. ओ आल्यावर तो उठला आणि मोटारसायकल काढून देवबागला निघाला.

वाटेत त्याने प्रत्येक खांबाकडे संशयाने पाहिलं. तारकर्ली सोडल्यावर एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बाबूची काळी वायर माडामाडांवरून पळत गेलेली. एका नव्या लॉजकडे वळलेला फाटा त्याने हेरला. थांबून, चप्पल नीट करतोय असं दाखवून, वायर कुठे शिरते ते पाहिलं. लॉजच्या नोकराने विचारलं, कोण पाहिजे. महादू म्हणाला, कोणी नाही, आणि स्वतःच चोरासारखा तिथून निघाला.

बाबू पडवीत बसून केबलचं वेटोळं सोडवत होता. महादूने वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरून एकदम मुद्दा काढला.

"राखीव पत्त्यातलो एक तुझ्या नव्या लॉजवर चलता."

"चलता," बाबू म्हणाला आणि वेटोळं सोडवत राहिला. "दोन चलतत. एक पलीकडच्या लॉजवर आसा."

महादूची नकाराची तयारी होती, शपथेची होती. याची नव्हती.

"म्हणजे तू घेतलंस?"

"घेतलंय. चार वाटे झाले, वर रास उरली. उरलेली रास कोणाची असता? दोर ओढणाऱ्याची. ही लाइन आणताना टॉवरावर तो लोखंडी सांगाडो खांद्यार घेवन कोण चढलो? तू खाली उभो रवान सांभाळ, सांभाळ म्हणी होतंस."

"माका विचारूक नको?"

बाबूने पहिल्यांदा मान वर केली. "उरलेलो बांगडो उचलताना तुझ्या बापाशीक कोणी विचारला हा कधी?"

महादू पायरीवर बसला. बाबूच्या चेहऱ्यावर चोरी नव्हतीच, उलट आपल्यालाच कोणीतरी काहीतरी विचित्र विचारतोय असा भाव होता. आणि खरंच, कोणी विचारत नसे. वाटे उचलून झाले की वाळूवर थोडी मासळी राहायची, आणि दोरीला ज्याचा हात लागला त्याने त्यातले दोन-चार नग उचलायचे, ही रीतच होती. महादूने तीच मासळी घरी आणलेली होती.

त्याने तिथूनच सुगंधाला फोन लावला आणि तिने उचलला. आचऱ्यापर्यंतची तार घालायला खड्डे कोणी खणून घेतले, उन्हात कोण उभं राहिलं, असं तिने आधी विचारून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की हो, राशीतला एक तिनेही उचलला होता. कडेचा, म्हणजे ओळीतला पहिला.

"कडेचोच?" महादूने विचारलं.

"राशीक हात कडेसूनच घालतत रे. मधी कोण घालता?"

बाबूच्या दोनांपैकी एक तोच होता, कडेचा.

आता महादूला सगळं दिसलं, आणि आपल्याला ते आधी दिसलं नाही याची त्याला गंमतही वाटली आणि भीतीही. बांगडा उचलला की वाळूवर तो नसतो; मागून येणाऱ्याला कमी झालेली रास दिसते. आकडा उचलला तरी राशीत तसाच पडून राहतो. बाबूने उचलला तेव्हा सुगंधाला तो जागेवर दिसत होता. दोघांनी एकच मासा घरी नेला होता, आणि दोघांच्याही पाटीतून तो अर्धा अर्धा वेळ नाहीसा होत होता.

रविवारी चौघे महादूच्या दुकानात जमले. महादूने संगणक उलटा फिरवला, पडदा बाकाकडे केला आणि स्वतः बाजूला उभं राहून, आकडा वाचून, एकेका पत्त्याला सर्वांसमोर हाक मारली. कुठे ओ येते, कुठे नाही, हे सगळ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. राशीचा खुलासा झाला तेव्हा नानांनी छत्री बाकाला टेकवून ठेवली.

"आमच्या हंय उरललां भात धन्याच्याच घरात जाता," ते म्हणाले. "दर्यावरचो कायदो आमका आधी सांगूक व्हयो होतो. मी हंय तुका चोर म्हणत बसलंय."

"अजून म्हणा, नाना," सुगंधा म्हणाली. "वाटे खंय झाले हत?"

ठरलं असं की रास ठेवायचीच नाही. सगळे पत्ते वाटून टाकायचे. नानांना हवे होते ते मिळाले. वांधा फक्त कडेच्या पत्त्याचा. सुगंधाच्या निर्यातदाराने तो आकडा परदेशातल्या व्यापाऱ्यांना कळवून टाकला होता, तेव्हा तो तिच्याकडे राहिला. बाबू म्हणाला, मग माझ्या लॉजला काय, हवा? महादूने आपल्या दुकानाचा स्वतःचा पत्ता त्याला दिला.

शेवटी एकच उरला. तो बदनाम पत्ता होता. आपल्याकडे येण्याआधी तो देशात कुठे होता कोण जाणे, पण त्या वेळी कोणीतरी त्यावरून जगाला फसव्या मेल पाठवल्या होत्या. तेव्हापासून त्या पत्त्यावरून गेलेली मेल पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत फिरे. मांडणारा शेवटी उचलतो. महादूने तो उचलला.

"रुमाल झटक," बाबू म्हणाला.

त्याच्या आवाजात थट्टा होती, पण पूर्ण थट्टा नव्हती. महादूने खिशातून रुमाल काढून सर्वांसमोर झटकला. एस.टी.चं तिकीट आणि एक स्क्रू खाली पडला. नानांनी वाकून स्क्रू उचलला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि परत दिला. पुढे दोन हजार दहापर्यंत, जेव्हा जेव्हा पत्ते वाढले तेव्हा, वाटे असेच पडद्यासमोर पडले, आणि रुमाल झटकल्याशिवाय कोणी उठलं नाही.

सगळं मिटल्याचं महादूने त्याच दिवशी नेरूरकरांना मेलने कळवलं. मेल परत आली. त्याने पुन्हा पाठवली, पुन्हा आली. तेव्हा सोमवारी तो कुडाळच्या गाडीत जाऊन बसला, तर शेजारच्या जागेवर बाबू.

"तू खंय?"

"साहेबाक तू काय सांगतंस ता माका ऐकूक व्हया."

वाटेत कट्ट्याला नाना रस्त्यावर उभे होते. त्यांनी खिडकीतून केळीचा फणा आत दिला.

नेरूरकरांनी सगळं ऐकलं. वाटणी कशी झाली ते दोनदा विचारलं, आणि एवढंच सांगायचं होतं तर मेल का केली नाही, असं बारीक डोळे करून विचारलं. महादूने पत्त्याची बदनामी सांगितली. त्यांचा विश्वास बसला असं काही दिसलं नाही. ते महादूला सोडून बाबूकडे वळले.

"तांडेल, हे सांगतात ते बरोबर?"

कचेरीत शुद्ध बोलायचं असतं हे बाबू विसरला, किंवा त्याला ते शुद्ध भाषेत सांगायचं नव्हतं.

"वाटे बरोबर पडले, साहेब," तो म्हणाला. "मी बघी होतंय."

नेरूरकरांनी दोघांकडे पाहिलं, आणि लाइन होती तशीच चौघांच्या नावावर ठेवली.