सीटखालची तार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि तिला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आज तुम्हाला सांगतेय, पण आधी मोरेश्वरभाऊंचं कौतुक करू द्या. ते केल्याशिवाय मला पुढचं सांगताच येणार नाही.

मोरेश्वरभाऊ जूचंद्र गावचे, गाड्यांचं वायरिंग करतात. आमची जीप जुनी आणि उंच. कमरेच्या ऑपरेशननंतर आईला तिच्यात चढता येईना. जीप विकायला मी तयार नव्हते — हट्टी आहे मी, वाडीतली केळी आयुष्यभर त्याच गाडीतून नेली. तेव्हा भाऊंनी भंगारातल्या एका मोठ्या गाडीची मोटरवाली सीट आणली. बटण दाबलं की पुढे-मागे, वर-खाली होणारी. खालून आठ तारा लोंबत होत्या आणि कुठली कशाची, कोण सांगणार? भाऊ आमच्या अंगणात मांडी घालून बसले. एकेक तार बॅटरीला लावून पाहिली आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी गुंडाळून पेनाने लिहिलं — पुढे, मागे, वर, खाली. मग बॅटरीपासून नवी तार, मध्ये फ्यूज — ताण वाढला की आधी तो जळायचा आणि तार वाचायची. सगळं इतकं नेटकं की वर मॅट टाकून ते झाकायचं माझ्या जिवावर आलं.

त्या दिवसापासून सीट खाली येऊन आईची वाट बघायची, ती टेकली की तिला वर न्यायची. आई लहान मुलीसारखी हसायची.

जाताना भाऊ म्हणाले, "ताई, फ्यूज गेला तं मना फोन कर. त्यान दुसरा काय घालू नको."

एवढं एकच तर सांगितलं होतं.

काही महिन्यांनी आईची पिशवी सीटखाली अडकली, मोटर अडली आणि फ्यूज गेला. आम्हा दोघींना कामणला साखरपुड्याला जायचं होतं, उशीर झाला होता. भाऊंना फोन केला असता तर ते आले असते — ते येतातच. मग का नाही केला? एवढ्याशा कामासाठी कोण थांबणार, असं वाटलं. घरातल्या जुन्या वायरीतली तांब्याची तार सोलली आणि फ्यूजच्या जागी घातली. सीट चालू झाली. माझी मीच पाठ थोपटली.

वाटेत, चिंचोटीच्या अलीकडे पिशवी पुन्हा आत सरकली. आईला काय ठाऊक, ती बटण दाबत राहिली. सीटखालून धूर आला. तिला एकटीला उतरता येत नाही. रस्त्यावरच्या दोघांनी तिला उचलून बाहेर काढलं. साडीचा काठ जळला, पोटरीला फोड आले. एवढ्यावर निभावलं.

आणि आता ते — ज्याच्याभोवती मी मघापासून घुटमळतेय. जीप ओढून घरी आणल्यावर, भाऊ येण्याआधी मी ती तांब्याची तार काढून फेकली. गाडीच्या कप्प्यात टाकलेला जुना, गेलेला फ्यूज शोधला आणि परत जागेवर बसवला. घाईत नाही. नीट, विचार करून.

भाऊ दुपारभर सीटखाली आडवे होते. माझा नवरा त्यांना नको नको ते बोलला. मी कुठे होते? चहा ठेवायच्या निमित्ताने आत. भाऊ एकेक तार तपासत राहिले. शेवटी उठून म्हणाले, "फ्यूज जायच्या आधी तार जलली, म्हंजे माझीच तार बारीक परली." मग आईपाशी जाऊन वाकले. "चुकलो, काकी."

"असू दे रे," आई म्हणाली. मी कपबशी हातात धरून उभी होते.

त्यांनी सगळं काम पुन्हा केलं, जाड तारेने, चिकटपट्ट्यांसकट. आई आजही त्याच सीटवर बसते. न केलेली चूक दुपारभर शोधायची आणि सापडली नाही तर ती आपलीच म्हणून उचलायची — एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात हॉर्नच्या कामासाठी त्यांच्याकडे गेले होते. एक गिऱ्हाईक तशीच सीट बसवायला आलं होतं. तार जाडच का हवी, हे भाऊ त्याला समजावत होते. "माझ्या हातान एक म्हातारी जलता जलता वाचली," ते म्हणाले. "या ताईची आय." मग माझ्याकडे वळले. "सीट गरम नाय ना व्हत आता?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "मस्त चाललीय."