फिनेलमावशीनं न धुतलेला पिंजरा

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे फिनेलमावशी म्हणत. म्हणजे तोंडावर मावशी आणि पाठीमागे फिनेल. बावीस वर्षं गेंड्याच्या आवारात खराटा मारणाऱ्या या बाईला स्वच्छतेचं वेडच होतं म्हणा ना! बादलीच्या वाटेत कुणी उभं राहिलं तर साहेबालासुद्धा ती "पाय उचला" म्हणायची, आणि साहेब मुकाट्यानं उचलायचे. घरी लेक म्हणायची, "आई, एक दिवस तू मलाही खराट्यानं घासशील." मावशी त्यावर, "मळ दिसला तर घासेनच," म्हणून खरोखरच तिची मान बघायची.

तिचा गेंडा म्हणजे ढोल्या. इथंच जन्मलेला, अकरा वर्षांचा, दोन हजार किलोंचं धूड. मावशीच्या हातची केळी खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. आता त्याला दूरच्या राखीव रानात सोडायचं ठरलं होतं. तिथं तीन माद्या होत्या आणि नर एकही नव्हता. मावशीला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणा? पण अकरा वर्षं त्याच त्या भिंतींना घासत फिरलेल्या जिवाला नदी मिळणार, चिखल मिळणार, सोबत मिळणार. "जाऊ दे, लेकरू मार्गी लागतंय," असं म्हणत तिनं डोळे पुसले आणि कंबर कसली.

अडचण एकच होती. ढोल्यानं आपल्या पायांनी पिंजऱ्यात शिरायला हवं होतं. नाही शिरला तर गुंगीची सुई. त्या सुईचं नावही मावशी कुणाला काढू देत नसे. सहा वर्षांपूर्वी ढोल्याच्या आईला पायावर उपचार करायला अशीच सुई दिली होती, ती पुन्हा उठलीच नाही. चूक कुणाची नव्हती. एवढ्या मोठ्या जनावराला तो धोका असतोच. पण तिच्या डोक्याशी दुपारभर बसून राहिली होती ती मावशी.

"डॉक्टर, याला सुई टोचायची नाही," तिनं बजावलं.

"मला काय हौस आहे, मावशी? पण ट्रक शुक्रवारी निघणार. तोवर शिरला तर ठीक."

"शिरेल. कसा शिरत नाही तेच बघते!"

पिंजरा आवाराच्या फाटकाला लावून पंधरा दिवस झाले होते. दार उघडं, आत केळी, आत कोवळं गवत. मावशी रोज सकाळी तो आतून घासायची, फिनेल ओतायची, लोखंड लखलखीत करायची. पाहुणा कसा टापटीप घरात जायला हवा! ढोल्या दारापर्यंत यायचा, हुंगायचा, फुरफुरायचा आणि पाठ फिरवायचा. पालथ्या घड्यावर पाणी. सोमवार उजाडला तरी त्यानं एक पाऊल आत टाकलं नव्हतं. मुकादमानं हात टेकले. "मावशी, सोडा आता. हे काही व्हायचं नाही."

त्याच दुपारी मावशी आवार झाडत कोपऱ्यातल्या लिदीच्या ढिगापाशी आली. गेंडा जागा ठरवून लीद टाकतो, रोज त्याच ठिकाणी. तो ढीगच त्याला सांगतो की हे आपलं घर. म्हणून तर मावशी तो कोपरा कधी पुरता साफ करत नसे. फावडंभर लीद मागे ठेवायचीच, नाहीतर ढोल्या दिवसभर येरझाऱ्या घालायचा. आजही तिनं सवयीनं फावडंभर ठेवली, आणि तिथंच थबकली.

"अगं बाई!" तिनं कपाळावर हात मारला. "करायला गेले काय आणि उलटे झाले पाय!"

बावीस वर्षं जे हात रोज करत होते, ते डोक्यात शिरायला पंधरा दिवस लागले होते. ढोल्याला दिसतं बेताचंच. त्याचा सगळा कारभार नाकावर. आणि त्या नाकापुढं तिनं रोज फिनेल ओतलं होतं! स्वतःचा असा राग आला तिला की विचारू नका.

तिनं पिंजरा साध्या पाण्यानं सात वेळा धुतला. मग हातगाडी भरून ढोल्याची लीद आणली आणि त्या लखलखीत पिंजऱ्यात स्वतःच्या हातानं पसरली. मुकादम नाक धरून ओरडला, "मावशी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"नाक धरलंयत ना? मग तसेच पुढं व्हा."

घरी लेकीनं तिला दारातच अडवलं. "आधी अंघोळ, मग आई."

मंगळवारी ढोल्यानं डोकं आत घातलं. बुधवारी पुढचे दोन पाय. गुरुवारी मावशी पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला गजांबाहेर बसून राहिली, हातात केळी धरून. जेवायलाही उठली नाही. संध्याकाळी चौथा पाय आत आला, पण तेवढ्यात कुठंतरी पत्रा वाजला आणि स्वारी मागच्या मागे बाहेर.

शुक्रवारी सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. डॉक्टर सुईची पेटी घेऊन आले.

"तासभर द्या," मावशी म्हणाली. "आणि ती पेटी माझ्या डोळ्यांपुढून हलवा."

कुणी खोकलंसुद्धा नाही. ढोल्या आला, हुंगलं, आत शिरला. एक केळं खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि निवांत शेपटी वर करून आतच लीद टाकली. मावशीनं मान हलवली तसं मागचं दार हलकेच खाली आलं. डॉक्टरांनी न उघडलेली पेटी काखेत मारली.

ट्रकमध्ये मावशीनं लिदीची दोन पोती चढवली. ड्रायव्हर म्हणाला, "लोक वाटेला डबा देतात, मावशी!"

"रानात दार उघडशील तेव्हा हे समोर ओत. विसरलास तर याद राख."

रविवारी ट्रकसोबत रानात गेलेल्या डॉक्टरांचा फोन आला. दार उघडून दोन तास झाले तरी ढोल्या बाहेर येईना. मग ड्रायव्हरनं पोती ओतली. "आला, मावशी! हुंगलं, त्यावर आणखी लीद टाकली आणि सरळ नदीत जाऊन बसला."

मावशी पदर तोंडाला लावून हसली, मग रडली, मग पुन्हा फोन कानाला लावला.

"डॉक्टर, तो ढीग कुणी साफ करायचा नाही हं. सगळ्यांना सांगून ठेवा."

"मावशी, हे तुम्ही म्हणताय?"

"हो, मीच म्हणतेय!"