पोळ्याला धुतलेली गाडी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जळगावला होतो आणि तोवर वर्कशॉपात फक्त लोखंड घासायला शिकलो होतो. पण दिवाळीच्या सुट्टीत यावलजवळच्या आमच्या गावी आलो, तर शेजारच्या आबांनी मला सरळ गाडीपुढे उभं केलं.

आबा केळीचे बागायतदार. त्यांनी त्या वर्षी जुनी पांढरी मोटार घेतली होती. आता तिचं स्टिअरिंग थरथरायचं आणि ती एका अंगाला ओढायची.

"फसवलं मला. अपघातातली दिसते. विकून टाकतो," आबा म्हणाले.

त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणे. अक्कांचं माहेर पिंपळनेरचं. लग्नापासून त्या एस.टी.नं उभ्यानं माहेरी जात आल्या होत्या. एकदा तरी स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. भाऊबीज परवावर आली होती.

"तू इंजिनेर शे ना रे भाऊ? मग देख ना!" त्या म्हणाल्या.

अजून झालो नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. मी आबांच्या शेजारी बसलो, अक्का मागे. हळू चालवताना गाडी शांत होती, पन्नासच्या पुढे गेली की आबांचे हात थरथरत. सपाट सडकेवर पकड जरा सैल केली की ती डावीकडे जाई. पिंपळनेरची वाट तिकडचीच.

"हाई गाडीले भी माहेरनी ओढ शे," अक्का खुशीत म्हणाल्या.

ब्रेक दाबल्यावर ओढ वाढत नव्हती. उतरून पुढच्या दोन्ही चाकांना हात लावून पाहिला, ती सारखीच कोमट होती. म्हणजे ब्रेक अडकत नसावा. पंपावर हवा तपासली, तीही सारखी निघाली. माझं ज्ञान तिथं संपलं. मग डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "हे सुरू कधीपासून झालं?"

आबा सडकेकडे बघू लागले. उत्तर अक्कांनी दिलं, "पोयापासून."

पोळ्याला आबांनी बैल नदीवर धुवायला नेले, तेव्हा गाडीही पाण्यात घातली होती.

"बैल धुतले, मग हिनं काय घोडं मारलं होतं?" आबा म्हणाले. पुढचं डावं चाक गाळात रुतलं आणि नुकत्याच धुतलेल्या बैलांनीच ती बाहेर ओढली.

"शिंगं नव्हतात म्हणून, नाहीतर बेगड भी लावतात!" अक्कांनी टोला हाणला.

घरी येऊन चाक काढलं. बाहेरून रोज पुसलेलं, वर हळद-कुंकू. आतल्या बाजूला मात्र काळा गाळ विटेसारखा वाळून एकाच जागी बसला होता. त्यानं चाक एका बाजूला जड झालं होतं. गाळ पहारीनं खरवडला, चाक धुऊन परत बसवलं. गाडी पुन्हा सडकेवर काढली तर थरथर गेली होती! ओढ मात्र तशीच.

मग मी भीत भीत पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे असं बदलायला लावलं. दोष टायरचा असला तर ओढही बाजू बदलेल, असा माझा हिशेब. सडकेला लागलो आणि गाडी उजवीकडे जाऊ लागली. तिकडं आबांच्या बहिणीचं गाव.

"आते नणंदकडे चालनी व माय ती!" अक्का कपाळाला हात लावून हसल्या.

मला मात्र आनंदानं ओरडावंसं वाटलं. दोष चाकासोबत सरकला होता, म्हणजे टायरच बिघडलेलं. गाळातून ओढताना ते आतून दुखावलं असावं. खात्रीनं मी आजही सांगू शकत नाही. त्या चाकाच्या जागी डिकीतलं जादा चाक लावलं. आबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून क्षणभर उचलले. गाडी सरळ चालली.

"आता हात ठेवा," मी म्हणालो.

भाऊबीजेला मलाही सोबत नेलं, वाटेत काही झालं तर असावा म्हणून. धुळं गेलं, साक्री गेली, काहीच झालं नाही. पिंपळनेरच्या गल्लीत वळल्यावर अक्कांनी पदर सारखा केला, काच पूर्ण खाली घेतली आणि दारादारांतल्या सगळ्यांकडे बघत आबांच्या खांद्याला बोट लावलं.

"जरा धीरे जाऊ द्या. बठ्ठासले दिखू द्या."

आबांनी गाडी इतकी हळू केली की शेजारून चाललेली बकरी पुढे निघून गेली.