मेल्याचं कारण शाईनं

लोणावळ्याजवळ भुशीच्या वरल्या अंगाला वीस-पंचवीस झोपड्यांची ठाकरवाडी. तिथली जन्ममृत्यूची वही भिकाजी पाटलाकडं. नाव, वय शाईनं लिहायचं. मरणाचं कारण तेवढं पेन्सिलीनं. "पक्कं काय ते वरून ठरेल," असं तालुक्याच्या अंमलदारानं बजावलेलं, आन भिकाजीनं बारा वर्सं ते गुमान पाळलेलं.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात झरा तळाला गेला. ते गढूळ पाणी पिऊन माणसं हगवण-ओकाऱ्यांनी आडवी झाली. पाच दिवसांत चार मेली. चौथा बुधा. त्याची बायको चिमाबाई नोंद घालायला आली.

"आबा, पटकी लिव, कालराच हाय ह्यो. तवाच सुई टोचणारा यील, झऱ्यात लाल औषद पडंल. घरात अजून दोन लेकरं हायती माजी."

भिकाजीनं पेन्सिल उचलली. आधी कसं लिहिलं होतं ते बघायला मागलं पान उलटलं. चार वर्सांमागं तिथं त्यानंच सहा जणांपुढं 'पटकी' लिहिलं होतं. वही तपासणीला जाऊन आली होती. आता रबरानं कागद विरलेला, आन वर परक्या अक्षरात 'ताप'. त्या साली टोचणारा का फिरकला न्हवता, ते आज कळलं.

त्याच्या टाळक्यात आग गेली. राग अंमलदाराचा, तसाच बारा वर्सं पेन्सिल धरणाऱ्या स्वतःच्या हाताचाही. बोरू दौतीत बुडवून त्यानं चौघांपुढं 'पटकी' लिहिलं आन कोतवालाबरोबर तालुक्याला वर्दी धाडली.

तिसऱ्या दिवशी अंमलदार जीपनं हजर.

"पाटील, लोणावळ्यात सीझन आहे. पटकीचा आकडा बाहेर गेला तर उद्या बंगले रिकामे होतील. वर शून्यच हवाय. नवं पान करा."

"कशानं मेली ते म्या बगितलं, सायेब. वरच्यांनी काय बगितलं?"

"पाटीलकी जाईल!"

"जाऊ द्या. पानांवर नंबर छापल्यात. फाडायचं तर फाडा, आन फाडलं म्हणून खाली सई करा."

सही करायची म्हटल्यावर अंमलदाराची बोटं आखडली. पाय आपटत तो जीपमध्ये बसला.

शाईचं पान तसंच राहिलं, आन दुसऱ्या दिवशी टोचणारा आला. त्याच्याच पिशवीतून भिकाजीला पाटीलकीवरून काढल्याचा कागदही आला.

"चार मढी उचलल्यावर आलास व्हय रं?" चिमाबाईनं टोचणाऱ्याला फैलावर घेतलं.

भिकाजीनं कागद खिशात कोंबला आन सवयीनं टोचून घ्यायच्या रांगेच्या म्होरं निघाला.

"आबा, आता कुटला पाटील तू? माजी लेकरं आदी!"

"व्हय गं बाई," म्हणत तो मागं सरला आन सदऱ्याची बाही वर सारू लागला.