दोघांचा पासवर्ड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरून गेलो आहे. हे एक मात्र आठवलं की अजूनही एकटाच हसतो.

मी तेव्हा जळगावात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात जवळच्या असोदा गावचा एक केळीवाला शेतकरी केबिनमध्ये आला. वय चाळिशीचं, चेहरा उतरलेला. दार लोटून घेत हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या नानांले कोनीतरी जाळ्यात ओढेल आहे."

नाना म्हणजे त्याचे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक. पत्नी वारल्यापासून गप्प गप्प असायचे. अलीकडे मात्र दार लावून कॉम्प्युटरसमोर बसत आणि कुणी आलं की स्क्रीन बंद करत. मुलाने चोरून मेल उघडून पाहिले, तर त्यात नुसती अक्षरं आणि आकडे, एक शब्द कळेल तर शपथ. त्यातलं एक पान त्याने छापून आणलं होतं.

सायबर विभागातल्या हवालदार बाईंनी ते पाहिलं. "सर, मजकूर पासवर्ड लावून बंद केलाय. समोरच्या माणसाकडे तोच पासवर्ड आहे, तो टाकला की त्याला वाचता येतं. आपल्याकडून हे उघडणं कठीण."

मला वेगळीच शंका आली. भामटे पोलिसांचा वेश घालून व्हिडिओ कॉल करतात, म्हाताऱ्या माणसांना 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगतात आणि घरी एक शब्द बोलायचा नाही असा दम भरतात. अशाच धाकापायी एका सज्जन माणसाने जिवाचं बरंवाईट केलेलं मी पाहिलं होतं. तेव्हा डायरीत नोंद घेतली आणि गुरुजींना लगेच बोलावून घेतलं.

गुरुजी आले. मी त्यांना धीर दिला, मग जरा दरडावलं, मग पुन्हा चहा मागवला.

"पलीकडे कोण आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"मग पासवर्ड सांगा."

"तोही नाही. शब्द दिलाय मी."

मुलगा हात जोडून म्हणाला, "नाना, काय करून बसले तुम्ही?" गुरुजींनी मान खाली घातली.

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. धाकात सापडलेला माणूस फोन वाजला की दचकतो. यांचा फोन वाजला तेव्हा यांच्या गालावर खळी पडली. शर्टाला कडक इस्त्री होती आणि केसांना ताजा कलप. तोवरच्या नोकरीत धाकापोटी कलप लावणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मी मुलाला बाहेर बसवलं. "गुरुजी, बाई कुठल्या?"

ते लहान पोरासारखे लाजले. "धुळ्याच्या. दवाखान्यात परिचारिका होत्या. ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गात ओळख झाली. फायलीला कुलूप लावायचं तिथेच शिकलो. पण साहेब, पासवर्ड दोघांचा आहे. मी एकट्याने कसा सांगू?"

"मग त्यांना विचारा."

त्यांनी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "सांगू नका. मी येते."

दुपारच्या एसटीने बाई आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. ठाणे अंमलदाराला आपलं नाव सांगून थेट माझ्या टेबलाशी आल्या. गुरुजी म्हणाले, "घरं वेगळी, समाज वेगळा, म्हणून…" बाईंनी त्यांना थांबवलं. "आते कसानी भीती?" असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला, गुरुजींना त्यांचे मेल उघडायला लावले आणि पासवर्ड टाकला.

फायली उघडल्या. कुणाची भाजी खारट झाली, कुणाचे गुडघे दुखले, कुणाला झोप लागली नाही. एका फायलीचं नाव होतं 'मुलाला पत्र'. गुरुजींनी तिच्याकडे बोट दाखवलं. "ही त्यालाच वाचू द्या."

मुलाला आत बोलावलं. पत्राचे सतरा मसुदे होते. गुरुजी लिहीत, बाई दुरुस्त करून परत पाठवत. प्रत्येकाची सुरुवात एकच होती: 'बाळा, तुझ्या आईला मी विसरलेलो नाही.'

मुलगा उभ्याउभ्याच वाचत होता. मध्येच त्याने डोळे पुसले. मग तो वडिलांवर चिडून म्हणाला, "सतरा वेळा लिहिलं नाना, एकदा तोंडानं बोलले असते तर?"

"तू नाही म्हटलं असतंस तर?"

मुलगा बाईंकडे वळून खाली वाकला, त्यांच्या पायांना हात लावला आणि मला विचारलं, "साहेब, कोर्टाच्या लग्नाले साक्षीदार किती लागतात?"

"तीन."

"एक मी. एक मही बायको."

तिसरी सही मी केली. डायरीत मात्र रीतसर लिहिलं : चौकशीअंती कोणताही गुन्हा घडल्याचे दिसून आले नाही. लग्नाच्या दिवशी हवालदार बाईंनी अख्ख्या ठाण्याला पेढे वाटले.

लपवलेलं ते वाईटच, ही समजूत खाकी वर्दीने माझ्या अंगात मुरवली होती. त्या गुरुजींनंतर मी माझा पहिला प्रश्न बदलला. समोर बसलेल्याला 'काय लपवतोस?' असं विचारण्याआधी 'कुणापासून लपवतोस?' हे विचारू लागलो. पुष्कळदा ज्याच्यापासून लपवलं तो माणूसच बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा, आणि काळजीने त्याचा जीव अर्धा झालेला असायचा.